सेल्फ ज्याचा त्याचा

खांबाला कुणी गजक देऊ करत नाही. निदान शहाण्या माणसानं तरी करू नये. पण पौषातल्या त्या संध्याकाळी, थंडीतला अवेळी पाऊस भुरभुरत असताना, ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातल्या कागद-दौतीच्या दुकानाच्या छपराखाली एक चांगला उंचापुरा जवान उभा होता. साफा भिजलेला, मिशीला पीळ, आणि हातातला तिळाच्या गजकचा पुडा दुकानाच्या लाकडी खांबापुढे धरून तो अदबीनं वाकून म्हणत होता,

“प्लीज, मॅडम... हेल्प मायसेल्फ.”

खांबानं काही घेतलं नाही.

जवान सरळ झाला. घसा साफ करून पुन्हा वाकला. “मॅडम, यू मस्ट हेल्प मायसेल्फ.”

त्याच छपराच्या दुसऱ्या टोकाला दुर्गा इंगळे खडूंचा डबा पोटाशी धरून पाऊस थांबायची वाट बघत होती. हसायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईनं भर बाजारात परक्या पुरुषाला हसणं बरं दिसत नाही, आणि लग्नाचं वय उलटत चाललेल्या मुलीनं तर नाहीच नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात भिंतींना कान नसले तरी दुकानदारांना असतात. पण चुकीचं इंग्रजी ऐकून गप्प बसणं तिला कधी साधलं नव्हतं. भातातला खडा दाताखाली यावा, तसं ते तिला लागायचं.

“मग खा की तुम्हीच,” ती म्हणाली. “खांबाला कशाला विचारता?”

जवान वळला. आधी त्याचे कान लाल झाले, मग उरलेला चेहरा.

“जी?”

“हेल्प मायसेल्फ म्हणजे माझं मी घेतो. पाहुण्याला ‘घ्या’ म्हणायचं असेल तर यूअरसेल्फ. यू म्हटलं की यूअरसेल्फ.”

“पण मला तर कुणी सांगितलं की सेल्फ म्हणजे आपण.”

“बरोबर आहे.”

“मग मी तेच तर म्हणतोय ना. आपण घ्या.”

इतकी वर्षं दुर्गा मुलींकडून घोकून घेत होती, पण ‘आपण’ या एवढ्याशा शब्दात किती बिऱ्हाडं राहतात हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. आपण घ्या – इथं आपण म्हणजे तुम्ही. तो आपण होऊन आला – इथं तो स्वतः. आणि... चला, आपण निघू. इथं मी आणि तुम्ही, दोघं एकाच शब्दात.

“इंग्रजीत आपण नसतो,” ती जरा हळू आवाजात म्हणाली. “तिथं आधी ठरवावं लागतं. कोण, कुणाला.”

“ठरवावंच लागतं?”

“लागतंच.”

“बडी मुश्किल भाषा आहे हो.” त्यानं पुडा खांबापुढून काढला आणि तिच्यापुढे धरला. वाकला. “प्लीज... हेल्प...” इथं तो थांबला, आणि त्यानं एकवार तिच्याकडे पाहिलं. डोळे मिशीच्या मानानं फारच साधे होते. “...यूअरसेल्फ?”

बरोबर वाक्याला बक्षीस द्यावं, हा तिच्या वर्गातला नेम होता. तिनं एक तुकडा उचलला. तीळ आणि गूळ दाताखाली कुरकुरला, छपरावरून पावसाची एक धार दोघांच्या मधोमध पडत राहिली, आणि आतून दुकानदार म्हणाला, “बहनजी, खड़िया का डब्बा भीग रहा है।”

हिशेबच मांडायचा तर त्या संध्याकाळी दुर्गाचे थोडे खडू आणि बरीचशी शांतता खर्ची पडली. जमेला गजकचा एक तुकडा.

*

दुसऱ्याच दिवशी तो कंपू भागातल्या तिच्या घरी हजर. भेटायला आला होता म्हणे दुर्गाच्या वडिलांना. मल्हारराव इंगळे रिसाल्यातून निवृत्त झाले होते, आणि हा सूर्याजी भोईटे त्याच रिसाल्यातला तरुण जमादार. आता दोन घोडेस्वार भेटल्यावर तिसऱ्याला संशय घ्यायला जागा कुठं राहते? दुर्गा मात्र दाराआड उभी राहून ऐकत होती. संशय म्हणून नाही, सहज.

“दरबारच्या मेहमानखान्यात मला तात्पुरतं घेतलंय, आबासाहेब,” सूर्याजी सांगत होता. “शिकारीला साहेबलोक येतात ना, त्यांची उठबस बघायची. रुबाब चालतो म्हणतात माझा, इंग्रजी नाही चालत. वसंतपंचमीपर्यंत जमलं तर जागा पक्की. नाही तर परत उज्जैनच्या छावणीत.”

“मग अडतंय कुठं?”

“परवा एका साहेबाला गुसलखाना दाखवला. म्हणायचं होतं, आपण अंघोळ करू शकता. म्हणालो, सर, आय मस्ट वॉश यूअरसेल्फ.”

“म्हणजे?”

दाराआडून उत्तर आलं. “म्हणजे तुम्हाला मीच न्हाऊ घालणार, घातल्याशिवाय सोडणार नाही.”

मल्हाररावांच्या हुक्क्यातलं पाणी उसळलं. “मग साहेब काय म्हणाला?”

“काही नाही म्हणाला. आत जाऊन कडी लावून घेतली. संध्याकाळपर्यंत निघालाच नाही.”

मल्हारराव डोळे पुसेपर्यंत हसले आणि मग एकदम गंभीर झाले. “दुर्गा, ही रिसाल्याची अब्रू आहे. लढाईत आम्ही कधी पाठ दाखवली नाही, आणि गुसलखान्यात हसं व्हायचं? शिकव याला. शाळा सुटल्यावर, ओसरीवर. शांताताई बसतील सोबतीला.”

शांताताई म्हणजे दुर्गाच्या आत्यासाहेब. विधवा होऊन भावाकडे आल्या त्या घरातलं सगळं ताब्यात घेऊनच. त्या कानानं कमी ऐकत – हवं तेव्हा. ओसरीच्या कोपऱ्यात कापूस घेऊन वाती वळत बसायच्या, आणि जगातलं काहीही त्यांच्या कानावर पडत नाही असा चेहरा करायच्या. असा चेहरा करणाऱ्या माणसापासून शहाण्यानं सांभाळून राहावं.

त्याच ओसरीवर आणखी एक गोष्ट वाढून ठेवलेली होती. देवासचं स्थळ. मुलगा जयसिंहराव, घर मोठं, माणसं खानदानी, दारात मोटार. अट एकच – मुलीनं शाळा सोडायची. मल्हाररावांनी विचारलं तेव्हा दुर्गा “बघू” म्हणाली होती. मुलगी ‘बघू’ म्हणाली की त्या घरात ते होकाराच्या खात्यावर पडायचं. “ठीक आहे,” मल्हारराव म्हणाले होते, “पंचमीला आपण होकार कळवू.”

त्या ‘आपण’मध्ये दुर्गा होती की नव्हती, हे कुणी विचारलं नाही. तिनंही नाही.

*

“मस्ट, कॅन, मे,” दुर्गानं पाटीवर लिहिलं. “हे सरदार समजा. हे आले की मागचं क्रियापद थेट आत येतं, कुणाची मध्यस्थी नाही. आय मस्ट गो. आय कॅन राइड. आणि हे खालचे – वाँट, होप, आस्क – हे अर्जदार. यांच्यामागून येणाऱ्याला टूची चिठ्ठी लागते. आय वाँट टू गो.”

“म्हणजे मला हवंय म्हणणारा इंग्रजीत पण अर्जदारच?”

“सगळीकडेच असतो.”

“आणि सेल्फ?”

“ते सांगते. आधी ओळख करून द्या. आय मस्ट...”

“आय मस्ट इंट्रोड्यूस...” त्यानं डोळे मिटले. “...मायसेल्फ. आय ॲम सूर्याजी भोईटे. आय कॅन राइड. आय कॅन शूट. आय कॅनॉट इंग्लिश.”

“स्पीक राहिलं.”

“स्पीकच तर राहतं, बाई. नेहमी.”

कोपऱ्यातून शांताताई म्हणाल्या, “काय राहिलं गं त्याचं?”

“बोलणं, आत्यासाहेब.”

“मग राहू दे. घोड्यावरचा माणूस फार बोलला की पडतो.”

दिवस असे जाऊ लागले. शाळा सुटली की दुर्गाची पावलं घराकडे जरा लवकर वळत. ते थंडीमुळे, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं, आणि स्वतःनं ते मानलंही होतं. स्वतः तशी भोळीच असते. सूर्याजी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला घोड्याचा, चामड्याचा आणि ओल्या गवताचा वास असायचा. पाटी तो तलवारीसारखी धरायचा आणि चुकला की मिशीचं एक टोक चावायचा. डावं. दुर्गाला आताशा चूक ऐकायच्या आधी मिशीवरून कळू लागली होती.

“आय वाँट यू टू एन्जॉय मायसेल्फ,” एके दिवशी तो ठासून म्हणाला.

“चूक. इच्छा कुणाची?”

“माझी.”

“मजा कुणी करायची?”

“पाहुण्यानं.”

“मग सेल्फ कुणाचा?”

मिशीचं टोक दातांत गेलं. “पण वाँट तर माझं आहे ना? सुरुवात मी केली. आय मीच म्हटलं.”

“वाँट तुमचं, सेल्फ त्याचा. टूच्या पुढचं काम ज्यानं करायचं, सेल्फ त्याचा. आय वाँट यू टू एन्जॉय यूअरसेल्फ.”

“मी कितीही वाँट केलं तरी?”

“कितीही.”

त्यानं पाटी हातात घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. हसेल, काहीतरी हिंदीत पुटपुटेल, असं तिला वाटलं होतं. पण तो म्हणाला, “हे ठीक आहे. सच सांगतो, हे आवडलं मला. घोडीचं पण असंच असतं, बाई. मला किती का पळवायचं असेना, पळते तीच.”

त्या संध्याकाळी जेवताना मल्हाररावांनी देवासचा विषय काढला. मोटारीचं, जमिनीचं बोलत राहिले. दुर्गा भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून बसली. आबासाहेब वाँट दुर्गा टू... वाक्य तिनं मनात बरोबर मांडलं. सरळ व्याकरण होतं. वाँट त्यांचं. सेल्फ...

तुकडा आमटीत पडला.

*

संक्रांतीला सूर्याजी तिळगूळ घेऊन आला आणि एक वाक्यही.

“याचं इंग्रजी हवं होतं.”

“सांगा.”

“माझ्यानं राहवत नाही.”

खडू पाटीवर टेकला होता, तो तिथंच राहिला. त्याच्या टोकापासून एक बारीक पांढरी रेघ उगीचच खाली उतरली.

“आय कॅनॉट... स्टॉप मायसेल्फ,” ती म्हणाली. मास्तरणीच्या आवाजात, म्हणजे जमेल तेवढ्या. “पण राहवत नाही – कशावाचून? इंग्रजीला पुढचं लागतं.”

“पुढचं अजून मराठीत पण जमत नाही.”

“ठरवावं लागतं.”

“कोण, कुणाला. हो. आठवण आहे.”

“काय म्हणतोय गं तो?” शांताताईंनी वातीवरून मान न उचलता विचारलं.

“राहवत नाही म्हणतात, आत्यासाहेब.”

“मग पाणी दे त्याला.”

दुर्गा पाणी आणायला उठली आणि माजघरात जाऊन उगीचच कळशीला हात लावून उभी राहिली. कळशी गार होती. हात नव्हता.

परत आली तेव्हा तो पाटीकडे बघून म्हणाला, “एक बोलू? रागावणार नसाल तर. मागे एकदा मेहमानखान्यातल्या एका मडमसाहेबांसाठी तुमच्या शाळेची माहिती घ्यायला आलो होतो, तेव्हा खिडकीतून ऐकलं. वर्गात तुम्ही ‘आय’ म्हणता ना, तेव्हा मान वर असते. घरात ‘मी’ म्हणता तेव्हा खाली.”

“असं काही नाही.”

“बघा. आता पण खालीच आहे.”

तिनं पेला त्याच्यापुढे ठेवला, आणि ठेवताना मान वर केली, मुद्दाम. त्याचा परिणाम असा झाला की दोघांची नजरानजर झाली आणि मग पेल्यातलं पाणी पिणं दोघांपैकी कुणालाच आठवलं नाही.

पंचमी जवळ आली. शेवटच्या धड्याला मल्हारराव स्वतः ओसरीवर येऊन बसले, खुशीत होते. “जमादार, इकडे तुमची परीक्षा, तिकडे आमचं कार्य. पंचमीला देवासला होकार कळवतोय आपण. तुमच्या बाई आता मोटारीतून फिरतील.”

सूर्याजीनं हसून नमस्कार केला. मग पाटीवर जे लिहिलं त्यात एक सेल्फ धड जागी नव्हता. मायसेल्फच्या जागी हिमसेल्फ, हिमसेल्फच्या जागी काहीच नाही.

मल्हारराव उठून गेल्यावर त्यानं विचारलं, “शाळा सुटेल?”

“अट आहे तशी.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी... बघू म्हणाले.”

“बघूला इंग्रजीत काय म्हणतात?”

दुर्गानं विचार केला. खरं तेच सांगितलं. “काही म्हणत नाहीत. तिथं हो म्हणतात किंवा नाही म्हणतात.”

त्यानं पाटी पुसली. हातानं, फडकं शेजारी असताना. “तुम्ही शिकवलेलं वाया नाही जाणार, बाई,” म्हणाला, आणि साफा सारखा करत पायऱ्या उतरला. कोपऱ्यात शांताताईंच्या हातातली वात कधी नव्हे ती वाकडी वळली.

*

वसंतपंचमीला शाळेत सरस्वतीपूजन आणि बक्षीससमारंभ. मुली पिवळ्या परकरांत, झेंडूच्या माळा, आणि सकाळपासून पुन्हा तो अवेळी पाऊस – येऊ की नको, येऊ की नको करणारा. पाहुण्या म्हणून मेहमानखान्यात उतरलेल्या एक मडमसाहेब यायच्या होत्या. त्यांना घेऊन येणार सूर्याजी. आणि त्याच्यामागे, हात पाठीशी बांधून, मेहमानखान्याचे मोठे साहेब. त्याची परीक्षा ती हीच.

आबासाहेबांनी सकाळीच सांगितलं होतं, पत्र आज जाईल. दुर्गा पिवळं लुगडं नेसून शिक्षिकांच्या रांगेत उभी होती, आणि मुख्याध्यापिका इंदुताई तिच्या कानाशी म्हणत होत्या, “पदर का गं पिळतेयस? बक्षीस मुलींना आहे.”

मोटार थांबली. सूर्याजीनं दार उघडलं, छत्री धरली, वाकला.

“वेलकम, मॅडम. मे आय इंट्रोड्यूस मायसेल्फ?”

एक. दुर्गाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

“प्लीज सीट यूअरसेल्फ हिअर, मॅडम. आय होप यू विल एन्जॉय यूअरसेल्फ.”

प्रत्येक सेल्फ ज्याचा त्याच्या जागी. मोठ्या साहेबांची मान पसंतीनं हलली. इंदुताईंची ओळख झाली, पेढे झाले, “मॅडम, यू मस्ट हेल्प यूअरसेल्फ,” तेही झालं, आणि मडमनं खरोखरच दोन पेढे घेतले. मिशी जागच्या जागी होती. आता फक्त मुलींचं गाणं उरलं होतं...

आणि मडम दुर्गापुढे थांबली. हसली. सूर्याजीला म्हणाली, “अँड हू इज शी?”

ही कोण?

याचं वाक्य तयार नव्हतं. पाटीवर मायसेल्फ घोकला होता, यूअरसेल्फ घोकला होता. ‘ही कोण’चा धडाच झाला नव्हता. सूर्याजीनं दुर्गाकडे पाहिलं. मराठी उत्तर ओठांवर आलेलं तिला दिसलं – साधं, ग्वाल्हेरच्या कुणाही माणसानं दिलं असतं तसं. आपल्याच आहेत. मिशीचं डावं टोक दातांत गेलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “शी... शी इज अवरसेल्फ.”

इंदुताईंना खोकला आला. मोठ्या साहेबांची एक भुवई हळूहळू वर निघाली, आणि ती वर पोचेपर्यंत उज्जैनची छावणी पाटणकर बाजाराइतकी जवळ आली.

“शी इज... व्हॉट?” मडमनं विचारलं.

भातातला खडा दुर्गाच्या दाताखाली आला होता. चूक दुरुस्त करणं हा तिचा धर्म. सूर्याजीचे कान लाल झाले होते. आधी कान, मग उरलेला चेहरा. तिनं खडा गिळला.

“इट इज अ मराठी वर्ड, मॅडम,” ती म्हणाली. “इंग्लिश हॅज नो वर्ड फॉर इट. ही मीन्स...” म्हणजे त्यांना म्हणायचंय की – तिला वाटलं होतं की पुढचं वाक्य त्याच्याबद्दल असेल. ते तिच्याबद्दल निघालं. “ही मीन्स दॅट आय बिलाँग हिअर.”

मी इथली आहे.

वाक्य तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आलं. आयनं सुरू झालेलं, सरळ, बघू नसलेलं. मान वर होती.

मडम खळखळून हसली. “हाऊ चार्मिंग,” म्हणाली, आणि तिसरा पेढा मागितला. साहेबांची भुवई आली तशी खाली उतरली.

*

समारंभ आटोपला, मोटार गेली. मडमसाहेबांना पोचवून सूर्याजी परत शाळेत कशाला आला, याचं कारण त्यानं इंदुताईंना ‘छत्री राहिली’ असं दिलं. छत्री त्याच्या हातातच होती. इंदुताईंनी ती पाहिली आणि मुलींच्या खुर्च्या मोजायला आत निघून गेल्या.

शाळेच्या पडवीत दुर्गा उभी होती. समोर निंबाखाली टांगा, टांग्यात घ्यायला आलेल्या शांताताई, डोक्यावर ताडपत्री. पाऊस आता येण्याचं नक्की करून आला होता.

“नोकरी पक्की झाली,” सूर्याजी म्हणाला. “साहेब म्हणाले, उज्जैनला नाही जायचं. फक्त अवरसेल्फ हा शब्द पुन्हा कुठं वापरू नकोस.”

“मीही तेच सांगणार होते.” तिनं झेंडूची एक पाकळी पदरावरून झटकली. “नाऊ एक्सप्लेन यूअरसेल्फ.”

“मस्ट आय?”

“यू मस्ट.”

“आपल्या म्हणायचं होतं.”

“कुठल्या आपल्या? शाळेच्या? लष्करच्या? ‘आपल्या’त तर अख्खं ग्वाल्हेर मावतं.”

निंबावरून पाण्याचे थेंब टांग्याच्या घोड्यावर पडत होते, घोडा कान हलवत होता. मग सूर्याजीनं छत्री भिंतीला टेकवली, खांबापुढे उभा होता त्या दिवशीसारखा सरळ उभा राहिला, आणि म्हणाला, “बाई, एक वाक्य तपासून द्याल? शेवटचंच.”

“सांगा.”

“आय वाँट यू टू मॅरी मायसेल्फ.”

दुर्गा मास्तरीण होती. आधी मास्तरीण, मग बाकीचं. खडा दाताखाली आला तसा तिनं काढून टाकला.

“मायसेल्फ नाही. मी.”

“कसं?”

“टूच्या पुढचं काम करणारी यू. मायसेल्फ तिथं बसतच नाही. तुमच्यासाठी नुसतं मी. मॅरी...”

“पूर्ण म्हणा ना. कानावर बसू द्या माझ्या.”

“मॅरी मी.”

“हो,” सूर्याजी म्हणाला. “करतो.”

पाऊस पडत राहिला. दुर्गाला आधी व्याकरण बरोबर वाटलं, मग काय झालं ते कळलं. तिचे कान तापले. आधी कान.

“हे... हे तुम्ही मुद्दाम चुकलात. मायसेल्फची ही चूक संक्रांतीपासून एकदाही केली नव्हती तुम्ही.”

“अवरसेल्फ खरं चुकलो होतो,” तो म्हणाला. “हे मुद्दाम.” आणि मग हसणं बाजूला ठेवून, हळू, जिभेवर प्रत्येक शब्द तोलत बोलला. “वाँट माझं आहे, बाई. खूप आहे. सेल्फ तुमचा. शाळा तुमची, ती तुमचीच राहणार. देवासला काय कळवायचं तेही तुमचं. मी फक्त टूपर्यंत आणून सोडलं. पुढचं ज्यानं करायचं...”

“सेल्फ त्याचा,” दुर्गा म्हणाली.

“मला वाटलं, बघू म्हणाल.”

“ते मराठीत होतं.” तिनं मान वर केली. “आबासाहेबांना आज मी सांगते. कुणी सांगायला नको. मी.”

“इंग्रजीतलं मी, की मराठीतलं?”

“मराठीतलं. इंग्रजीतलं तुम्हाला दिलं ना आत्ताच.”

पागोळ्यांखाली तिचा हात पुढे आला होता, पाऊस किती आहे ते बघायला. त्यानंही पाऊस बघायला हात पुढे केला. एकाच जागी दोघांना पाऊस सारखाच लागत होता, तरी बराच वेळ ते बघत राहिले.

“दुर्गे,” टांग्यातून शांताताईंचा आवाज आला, आणि बहिऱ्या बाईच्या मानानं त्या फार अचूक वेळी बोलल्या. “झालं का व्याकरण?”

“झालं, आत्यासाहेब.” तिनं हात मागे घेतला. मग एकदम आठवून तिचा चेहरा उतरला. “पत्र... आबासाहेबांनी पत्र टाकलं?”

“कशानं लिहील? सकाळपासून त्याला दौत सापडत नाहीये.” शांताताईंनी मांडीवरच्या वातींच्या पिशवीवर थोपटलं. आत काहीतरी काचेचं किणकिणलं. “चल बाई, पिशवी निळी व्हायला लागली माझी. चला, आपण घरी जाऊ या.”

दुर्गा पायऱ्या उतरून टांग्यात चढली. सूर्याजी पडवीतच उभा राहिला. छत्री हातात, साफा भिजलेला, एक पाऊल पुढं घ्यावं की न घ्यावं अशा अर्जदाराच्या चेहऱ्यानं.

शांताताईंनी समोरच्या बैठकीवरची ताडपत्री बाजूला सारली. जागा झाली. तरी तो हलेना, तेव्हा त्या दुर्गाकडे वळून वैतागानं म्हणाल्या,

“याला काय वेगळं आमंत्रण लागतं का गं? मी ‘आपण’ म्हटलं ना?”